लखोट्याचं बटण

सोयाबीन निघायला लागलं की देवासची हवा आधी नाकाला कळते. कडवट, कोरडा, उन्हात तापलेल्या पोत्यासारखा वास. मळणीचा भुसा शेतातून उठतो तो थेट घरात येतो. पडद्यांवर, पाण्याच्या माठावर, पापण्यांवर बसतो. देवीची टेकडीसुद्धा चार दिवस भुरकट दिसते. इथले लोक आश्विनातल्या या उन्हाला क्वांरची धूप म्हणतात आणि पुढे सांगतात की यात हरणंही काळी पडतात. मी हरीण नाही, पण इथे आले तेव्हा कृष्णाकाठची गव्हाळ होते हे खरं.

आज सकाळी कपाटातून जुना लॅपटॉप काढला. फडक्याने झाकण पुसलं, मग कळफलकाच्या वरच्या अंगाची ती चार रुपेरी बटणं. एकावर लखोटा, एकावर पृथ्वीगोल, एकावर प्रश्नचिन्ह आणि चौथ्यावर नुसता बाण. लखोट्याची रुपेरी झळाळी पार गेली आहे. एकाच माणसाच्या बोटाने ती गेली. फडकं तिथे जरा थांबलंच.

तो माणूस म्हणजे काकासाहेब, यांच्या वडिलांचे चुलतभाऊ. हे म्हणजे माझे यजमान. ते देवासच्या कारखान्यात पाळीवर असत आणि काकासाहेब धारला राहत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी, सोबतीला धाकटी बहीण आत्याबाई. त्यांना मोडी वाचता येई. धार, देवास, बागलीपर्यंतची जुनी मराठी घरं आपापल्या पेटाऱ्यातले कागद फडक्यात बांधून त्यांच्याकडे आणत. नव्या पिढीला घरातलं मराठी बोलता येई, वाचताना मात्र अडखळायचं. शिक्षण सगळं हिंदीत. मग मोडी कोण वाचणार?

मी नववीपर्यंत मराठी शाळेत शिकले. नववीची परीक्षा दिली, त्याच आठवड्यात आई अंथरुणाला खिळली, आणि निकाल आणायला मी गेलेच नाही. पास की नापास, आजही ठाऊक नाही. लग्न होऊन इतक्या लांब आले तेव्हा कुणी "कितवी शिकलात?" विचारलं की मी विषय बदलायची. काकासाहेबांनी ते कधी विचारलं नाही. पहिल्याच भेटीत म्हणाले, "सूनबाई, आपलं मराठी स्वच्छ आहे. मी वाचीन, आपण उतरवून घ्याल?" माझं मराठी कुणाला हवंय, हेच मला नवीन होतं. देवासला टायपिंगच्या क्लासात मी बोटं बसवली ती त्यानंतर. त्या एका वाक्याची मी आजही ऋणी आहे.

त्या वर्षी काकासाहेबांच्याच घरातला रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, उघडला होता. एकवीस पत्रं. कुणा पूर्वज बाईला लग्नानंतर धारला आल्यावर तिच्या भावाने कृष्णाकाठावरून लिहिलेली. रविवारी सकाळी मी देवासहून निघायची, इंदूरला बस बदलायची, धारला पोचेपर्यंत अकरा वाजायचे. रस्त्याच्या कडेला डांबरावरच सोयाबीन पसरलेलं, त्यावरून गाड्या गेल्या की शेंगा फुटत, बसच्या चाकाखाली तडतड वाजे. मी गेले की एक पत्र व्हायचं. नऊ झाली होती.

काकासाहेबांचे हात दोन वर्षांपासून थरथरत होतेच. आता आवाजही बसायला लागला. इंदूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की हे दुखणं हाताचं असतं तसं आवाजाचंही असतं, हळूहळू पुटपुटणं होईल आणि मग तेही नाही. सकाळी आंघोळ झाल्यावर अर्धा तास आवाज खणखणीत असे. मी पोचेपर्यंत तो घसरलेला. बारा पत्रं राहिली होती आणि माझ्या हातात फक्त रविवार.

म्हणजे सकाळी, मी नसताना, काकासाहेबांनी एकट्यानेच वाचायचं आणि लॅपटॉपने ते साठवून घ्यायचं. लॅपटॉप पुण्याच्या पुतण्याने, शिरीषने, दिला होता. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स घालून दिलं होतं. "काकासाहेब, याला व्हायरस लागत नाही," एवढंच सांगून तो गेला. पण काकासाहेबांच्या हाताखाली पडद्यावरचा बाण पाखरासारखा उडायचा. एक अक्षर दाबावं तर सहा उमटायची. एकदा स्वतःच हसून म्हणाले, "जन्मभर सरळ रेघ मारायला शिकवली, आता हे बघा." मग बोट वर सरकलं, त्या चार बटणांवर. मोठी, एकमेकांपासून लांब. "सूनबाई, ही चार माझ्या मापाची आहेत."

दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली.

"मेलीत का ती?" आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

मी शिरीषला फोन लावला. तो घाईत होता. "वहिनी, ती बटणं कंपनीची खास असतात. त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. लिनक्सवर सोडून द्या. दिवाळीत येतो, बघू काहीतरी."

"दिवाळीला महिना आहे, भावोजी. तोपर्यंत आवाज—"

"अहो, त्यात कर्नल असतं, कोड असतात, ते तुम्हाला कसं सांगू? तुम्ही टायपिंग करा ना."

तुम्ही टायपिंग करा ना. वाईट मनाने नव्हता बोलला, हे तेव्हाही कळत होतं. पण बसमध्ये बसल्यावर ते वाक्य चाकाखालच्या शेंगांसारखं फुटत राहिलं. टायपिंग तर करतेच आहे. अजून काय करायचं नाही तेही सांगून टाका एकदा.

भीती नव्हती असं नाही. मी मुळात भित्री. गॅस बंद केला का, हे बघायला जिन्यावरून दोनदा परत येणारी. लॅपटॉप दुसऱ्याचा, मोडला तर? शिरीषने गुप्त शब्द एका चिठ्ठीवर लिहून दिला होता, वर "जपून" असं दोन रेघा मारून. तो शब्द टाकला की यंत्रात सगळंच बदलता येतं, सगळंच बिघडवताही येतं. ती चिठ्ठी पर्समध्ये निखाऱ्यासारखी वाटायची.

देवासला बस स्टँडमागे राजूभियाचं (भैयाला इथे भिया म्हणतात) इंटरनेट कॅफे होतं, चार कॉम्प्युटर आणि एक कुरकुरता पंखा. मी काय शोधतेय ते त्याने वाकून बघितलं. "भाभीजी, ये लिनक्स है. इसमें अच्छे-अच्छे इंजीनियर पानी माँग गए भिया!"

"तो हम पानी साथ लेके आए हैं," मी बाटली दाखवली.

तो इतका हसला की शेजारचा पोरांचा घोळका वळून बघायला लागला. त्यानंतर राजूभियाने माझ्यासाठी पानं छापून द्यायची सोय केली आणि कोपऱ्यातली खुर्ची धरून ठेवली. "ये भाभीजी की सीट है, उठो रे." त्याचेही माझ्यावर उपकार आहेत.

एक पान सापडलं. कुणीतरी आपल्या लॅपटॉपची अशीच बटणं लिनक्सवर कशी चालू केली ते पायरीपायरीने लिहिलं होतं. कोणत्या देशातला माणूस, बाई की बुवा, काही माहीत नाही. त्याचं यंत्र आमच्यासारखं होतं, अगदी तेच नव्हतं. इंग्रजी मी नववीचं वाचणारी. देवास ते धार, गुडघ्यावर पान, शेजारी शब्दकोश, प्रत्येक वाक्य तीनदा. इंदूरच्या पुढे एका म्हातारबाने विचारलं, "बेटा, कोनसी परीक्षा है?" मी म्हटलं, "बड़ी वाली, बाबा."

परीक्षाच होती. फक्त यावेळी निकाल घ्यायला जायचं ठरवलं होतं.

त्या रविवारी पडवीत बसून काळी खिडकी उघडली, जिच्यात चित्र नाही, बाण नाही, नुसती अक्षरं टाइप करून हुकूम द्यायचा. पानात लिहिलं होतं, बटण दाबा आणि मग यंत्राची रोजनिशी वाचा. मी लखोटा दाबला. रोजनिशी मागवली. शेवटच्या दोन ओळी इंग्रजीत होत्या. शब्दकोशाची गरज पडली नाही. अनोळखी कळ दाबली गेली आहे, असं त्यात म्हटलं होतं. आणि खाली, तिची ओळख करून द्यायची असेल तर अमुक हुकूम वापरा.

मी ते काकासाहेबांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. "सभ्य यंत्र आहे. ओळखत नाही म्हणतं, आणि ओळख कशी करून घ्यावी तेही सांगतं. माणसं पहिलं वाक्य बोलून उठून जातात."

म्हणजे बटण मेलेलं नव्हतं. दाबलं की आत खबर जात होती. आतल्याला नाव माहीत नव्हतं, इतकंच. इतके दिवस प्रत्येकजण त्याला बंद म्हणत होता आणि ते बिचारं दर वेळी हाक मारत होतं. मला हे इतकं लागलं की मी उठून पाणी पिऊन आले.

चारही बटणांना एकेक नंबर दिला. मग त्या नंबरांना कामं दिली. लखोटा दाबला की आवाज साठवायला सुरुवात, पृथ्वीगोल दाबला की बंद, प्रश्नचिन्हाने साठवलेलं ऐकायचं. बाणाला काहीच दिलं नाही. हुकूम लिहिताना दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसलं. लखोटा दाबून मी म्हटलं, "एक, दोन, तीन." पृथ्वीगोल. प्रश्नचिन्ह. आणि पेटीतून माझाच आवाज आला, "एक, दोन, तीन."

आत्याबाई हातातली पळी घेऊनच बाहेर आल्या. "अगो बाई, ही तर तुझ्यासारखीच बोलते! घाबरत घाबरत."

काकासाहेबांनी थरथरतं बोट चार-पाच वेळा लखोट्यावर ठेवलं, उचललं, ठेवलं. लहान मूल नव्या दाराची कडी वाजवून बघतं तसं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून येणारा भुसासुद्धा आनंदाने खाल्ला.

सोमवार ते शनिवार रोज सकाळी आत्याबाई लॅपटॉप चालू करून देत, काकासाहेब लखोटा दाबत, एक पत्र वाचत, पृथ्वीगोल दाबत. बुधवारी मी फोन केला. आत्याबाई म्हणाल्या, "काय खणखणीत वाचतोय! मी भाजी टाकून ऐकत बसते." मी यांना सांगितलं, राजूभियाला सांगितलं. त्याने कॅफेत जाहीर करून टाकलं.

रविवारी धारला पोचले, चहासुद्धा न घेता लॅपटॉप उघडला. साठवणीच्या जागी एकच आवाज होता. लावला. एक, दोन, तीन.

पुन्हा पाहिलं. दुसरीकडे शोधलं. नव्हतंच काही. सहा सकाळी, सहा पत्रं, आणि पेटीत माझे तीन आकडे.

कारण मला तिथेच दिसलं, भिंतीवर. काकासाहेबांच्या घरात काम संपलं की यंत्र बंद करायचं आणि मग मेन स्विचही खाली ओढायचा, असा नेम होता. त्या वर्षांत लाइट इतकी जायची आणि यायची तेव्हा असा झटका देऊन यायची की दोन पंखे आणि एक रेडिओ त्यात गेले होते. तेव्हापासून देवापुढचा दिवा मालवावा तितक्या नेमाने ते स्विच ओढत. रविवारी मी निघाल्यावरही ओढला होता. यंत्र बंद झालं की मी दिलेले नंबर पुसले जात होते. सोमवारपासून लखोटा पुन्हा अनोळखी झाला होता. त्या छापलेल्या पानात शेवटी हे लिहिलं होतं. माझी बस धारला पोचली होती, म्हणून शेवटचा परिच्छेद मी वाचलाच नव्हता.

हे सांगायचं कसं? काकासाहेबांचा आठवडाभराचा चांगला आवाज मी एका मेलेल्या— नाही, एका विसरलेल्या बटणात ओतायला लावला होता. आणि समोर बसलेल्या माणसाचा त्या दिवशीचा आवाज गेल्या रविवारपेक्षा खाली गेलेला ऐकू येत होता.

सांगितलं. खाली बघून सांगितलं.

काकासाहेबांनी समोरचा रुमाल जरा बाजूला सरकवला. मग ते म्हणाले, "आपण चहा घ्या, सूनबाई."

"काकासाहेब, माझी चूक—"

"चहा घ्या. राहिलेली पत्रं कुठे पळून जात नाहीत."

पत्रं नाही, पण आवाज पळत होता. ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

आत्याबाई उंबऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पेटीने नसेल ऐकलं, मी ऐकलंय ना! विचारा मला. एकात गाय व्यालीय, एकात आईच्या डोळ्याचं आहे, आणि एकात भाऊ हट्टाला पेटलाय."

"रागावला होता तो," काकासाहेब पुटपुटले.

"राग नव्हे, हट्ट. मला कळतो फरक. मी तुझीच बहीण."

शिरीषचा फोन आला तेव्हा आत्याबाईंनीच त्याला सगळं सांगून टाकलं. मग रिसीव्हर माझ्या हातात. "वहिनी, मी म्हटलं नव्हतं? आता हात लावू नका. मी येऊन सगळं नव्याने टाकतो."

"भावोजी," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना, "तुम्ही जरूर या. फराळाला या. बटणं मी करते."

यांना देवासला कळवलं की आज परत येत नाही. हे म्हणाले, "राहा. डबा मी करतो, त्यात काय." लग्नानंतर मी प्रथमच विचारण्याऐवजी कळवलं होतं, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

यंत्र सुरू होताना दर वेळी एक यादी वाचतं आणि त्यातले हुकूम स्वतःच पाळतं. माझे हुकूम मी त्या यादीच्या शेवटी लिहिले. मग उठले, लॅपटॉप बंद केला, आणि स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. वर केला. चालू केला. लखोटा दाबला. चाललं. पुन्हा ओढला. दहा वेळा केलं. आत्याबाई म्हणाल्या, "आता स्विच तुटेल ग!"

अकराव्यांदा काकासाहेबांनी विचारलं, "ते ऐकतंय, हे मला कसं कळावं? मी पत्राकडे बघतो, पडद्याकडे नाही."

खरा प्रश्न तोच होता. माणूस बोलत राहतो आणि पुढचा ऐकतोय की नाही याची त्याला खूण नसते. मी देवघरातली छोटी घंटा मागितली. आत्याबाईंनी आधी डोळे वटारले, "देवाची घंटा पेटीत घालणार?" मग स्वतःच पदर डोक्यावर घेऊन, लॅपटॉपपुढे बसून, ती एकदाच, नीट वाजवली. त्यानंतर लखोटा दाबला की आधी घंटा वाजे. घंटा वाजली तरच वाचायचं. वाजली नाही तर आवाज राखून ठेवायचा आणि मला फोन करायचा.

फोन आला नाही.

काकासाहेब आधी न वाचलेली सहा वाचायला बसले. "जी कुणीच ऐकली नाहीत ती आधी," म्हणाले. सहा झाली. मग हरवलेल्यांपैकी पहिलं, दुसरं. पुढची दोन तुकड्यातुकड्यांनी, चार दिवसांत. शेवटच्या तुकड्यात घंटा स्पष्ट आहे आणि त्यानंतर बराच वेळ केवळ श्वास. दिवाळीच्या आठवड्यात आवाज संपला. दोन पत्रं राहिली.

शिरीष आला. चिवडा खात त्याने लखोटा दाबला, घंटा वाजली तसा दचकला. मग माझी यादी उघडून वाचत बसला, एकही अक्षर न बदलता. "हे कुणी केलं?"

"टायपिंगवालीने," आत्याबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक अनरसा वाढला.

शिरीषनेच मग सुचवलं की आमच्या लॅपटॉपचे चार नंबर त्या परक्या पान लिहिणाऱ्याला कळवावेत. मी माझ्या इंग्रजीत कळवले. आठवड्याने पानाच्या तळाशी ते नंबर आले आणि पुढे माझं नाव, देवास, इंडिया. राजूभियाने ते छापून काचेवर डकवलं. मी पुढचे कित्येक दिवस त्या रस्त्याने मान वर करून गेले. आता तुम्ही याला गर्व म्हणा. नववीतून उठलेल्या बाईचा आहे, तिला करू द्या.

आवाज गेल्यावर काकासाहेबांनी मला मोडी शिकवली. न बोलता. लखोटा ते दाबायचे, मी मोठ्याने वाचायची, चुकले की थरथरतं बोट त्या वळणावर येऊन थांबायचं. बरोबर असलं की डोळे मिटायचे. दोन वर्षं तसं चाललं, मग डोळे मिटले ते मिटलेच. आत्याबाई त्यानंतर पाच वर्षांनी गेल्या. रुमाल त्यांनी माझ्याकडे देऊन ठेवला होता. शिकताना शेवटी ठेवलेली ती दोन पत्रं मला तरीही येईनात. लिहिणारा घाईत असावा, शाई फुटलेली. दर आश्विनात काढायची, चार ओळी लावायची, ठेवून द्यायची. एक लागलं मागच्या वर्षी. त्यात गाय व्यालेली होती.

दुसरं काल लागलं.

लॅपटॉपची बॅटरी कधीच गेली, वायर लावली तरच जागा होतो. चालू व्हायला इतका वेळ घेतो की चहा होतो. आज भिंतीवरचा मेन स्विच मी त्याआधी मुद्दाम ओढून वर केला होता, जुनी खोड. लखोटा दाबला.

घंटा वाजली.

मी वाचलं. माझ्या आवाजात, पहिल्या दोन ओळी घाबरत घाबरत, पुढे नाही. भाऊ लिहितो, इकडील क्षेम. पाऊस बरा. तुमचे पत्र वर्षात आले नाही. पोचतात की नाही, कळत नाही. घरचे म्हणतात, आता लिहू नये. परंतु उत्तर येवो न येवो, मी लिहिणे सोडणार नाही, हे ध्यानी असावे.

हट्टच होता. आत्याबाईंचं बरोबर होतं.

पत्र संपल्यावर पृथ्वीगोल दाबायचा असतो. मी दाबला नाही लगेच. खिडकी उघडी होती. लांबून मळणीचा आवाज येत होता, मध्येच कुणीतरी कुणाला "ओ भिया" म्हणून हाक मारली, भुसा आत येत होता. तेही सगळं जाऊ दिलं आत.